वेळेअभावी

चारचा कार्यक्रम चार वाजून पस्तीस मिनिटांनी सुरू झाला. तेव्हा सभागृहात माणसं अठ्ठ्याऐंशी होती. जोतीराम शेडग्यानं ती मोजली होती. तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात एकतीस वर्षं ट्रकमागं उभं राहून गोण्या मोजलेल्या माणसाला रिकाम्या खुर्च्यांसमोर बसवलं की दुसरं काही सुचत नाही. खुर्च्या सातशे होत्या. आलेल्यांतली छत्तीस माणसं त्याचीच होती. टोळीतले हमाल, त्यांच्या बायका, कोपरखैरण्याच्या वसाहतीतले शेजारी आणि गावच्या मंडळाचे दोघं. सगळे इस्त्रीचे कपडे घालून आले होते आणि लग्नाला आल्यासारखे पुढच्या तीन रांगांत दाटीवाटीनं बसले होते.

स्टेजवर मागं फलक होता, ‘नवं नाटक, नवं गाणं’. खाली, आजच्या संगीत नाटकांतल्या निवडक गाण्यांचा कार्यक्रम. त्याच्याखाली बारीक अक्षरांत, कै. स्वराज जोतीराम शेडगे यांच्या स्मरणार्थ. डाव्या कोपऱ्यात खुर्चीवर स्वराजचा फोटो ठेवला होता. हार जरा मोठा झाला होता, त्यामुळं हनुवटी झाकली गेली होती.

स्वराजला जाऊन चौदा महिने झाले होते. तालमीहून येताना महापे फाट्यावर कंटेनरचा ट्रेलर वळला आणि त्याची बाईक खाली गेली. नऊ दिवस तो अतिदक्षता विभागात होता. सव्वीस वर्षांचा होता. बाईकबरोबर पाठीवरची बॅगही गेली. त्या बॅगेत लॅपटॉप होता, त्याच्या सगळ्या चाली होत्या आणि गाण्यांची वही होती.

जोतीराम आज एका गाण्यासाठी आला होता. स्वराजनं एका नव्या संगीत नाटकाला चाली दिल्या होत्या. बाजारावरचंच नाटक होतं ते. त्याचे प्रयोग झाले चार, तेही लहान हॉलांमध्ये, आणि प्रेक्षकांना फोन काढायची बंदी होती. त्याची बायको राहीबाई पहिल्या प्रयोगाला जाऊन आली. घरी आल्यावर चपला काढता काढता म्हणाली, “त्यात तुमी हाय.”

“मी कुठनं आलो त्यात?”

“तुमची मोजणी हाय. लाभ म्हणता ती. सहा पोरं मिळून म्हंत्यात. मला तर रडायलाच आलं.”

ट्रकमधून उतरणारी पहिली गोणी जोतीराम ‘एक’ म्हणून मोजत नसे. पहिली गोणी ‘लाभ’. दुसरीपासून दोन, तीन, चार. जुन्या मापाड्यांची ही रीत, त्याला त्याच्या मुकादमानं शिकवली. नुसतं म्हणायचं नसतं, सुरात ओढायचं असतं, म्हणजे ओझं पाठीवर घेतलेल्याला पाऊल सापडतं. ‘लाऽभ रे लाभ. दोन झाल्या, दोन.’ काट्याचे आकडे आता मशीन दाखवतं, तरी त्यानं ते सोडलं नव्हतं. महाप्याच्या कंपनीतली नोकरी सोडल्यावर स्वराज एकदा पहाटे बाजारात येऊन तासभर गाडीमागं उभा राहिला होता. जोतीरामनं त्याला सगळ्यांदेखत सुनावलं होतं, “नोकरी सोडलीस ती हे बघायला? घरी जा. पायात येऊ नको.”

नाटकाचं त्यानं विचारलं तेव्हाही जोतीराम म्हणाला होता, “गाड्या हायत.” चारही प्रयोगांना गाड्या होत्या. मागितली असती तर सुट्टी मिळाली असती.

म्हणून आज तो आला होता. ते गाणं एकदा ऐकायचं होतं. एवढंच.

स्वराजचा मित्र कुंदन, सारसोळ्याचा, नाटकाचा निर्माता तोच होता. महिन्यापूर्वी तो घरी येऊन सांगून गेला होता. “अप्पा, कार्यक्रम करतोय. स्वराजच्या नावानं. बाकीच्या नाटकांतली पन गानी हायत, पन शेवट आपल्या मोजनीचा. सहाही जन येतील, मनस्वी पन हाय. ती पुढच्या महिन्यात बंगळुरूला चाललीय नोकरीला, म्हनून त्याच्या आधीची तारीख धरली.”

जोतीरामनं तेव्हा एक गोष्ट मागितली होती.

नऊ दिवसांत स्वराजला रक्ताच्या अकरा बाटल्या लागल्या. त्या टोळीतल्या नि वसाहतीतल्या अकरा जणांनी दिल्या. धर्मराज मुकादम, पंढरी, शेजारच्या दुर्गाबाईचा जावई, असे अकरा. पोरगं राहिलं नाही. वर्षश्राद्ध घरच्या घरी उरकलं, कारण राहीबाईला माणसं नको होती. त्या अकरा जणांना जोतीरामनं साधं टोपी-उपरणंही दिलं नव्हतं. आपल्या घरचं कार्य होतं आणि ज्यांनी खांदा दिला त्यांना मान मिळत नाही, ही गोष्ट त्याला रात्रंदिवस टोचत होती.

“स्टेजवर त्यांचा सत्कार झाला पायजे,” तो कुंदनला म्हणाला. “शाली-नारळ मी आणतो.”

कुंदननं वही काढली होती. “करू ना अप्पा. सगळ्यांना एकदम वर बोलवू. एक ग्रुप फोटो, खल्लास.”

“असं कळपानं बोलवत्यात व्हय? एकेकाचं नाव घ्या. बाटल्या त्यांनी एकेकानं दिल्यात.”

“पंधरा मिनिटं जातील.”

“जाऊ द्या की.”

कुंदननं वहीत लिहून घेतलं होतं, सत्कार, पंधरा मिनिटं, शेवटच्या गाण्याच्या आधी. शेवटचं गाणं मानाचं, त्याच्या आधी माणसांचा मान. दोघांनाही ते योग्य वाटलं होतं.

निवेदक आला. जाकीट घातलेला, पन्नाशीचा, हातात पुठ्ठ्याला लावलेले कागद. ‘रसिकहो’ म्हणून त्यानं सुरुवात केली आणि जुनी नाट्यगीतं केवढी थोर होती हे सात मिनिटं सांगितलं. मग आजची पिढीही काही कमी नाही, हे चार मिनिटं. त्यानंतर पहिलं गाणं झालं.

एका बंद पडलेल्या मॉलच्या नाटकातलं ते गाणं होतं. गाणारा मुलगा मोबाईलवर बघून म्हणत होता. वादक दोघंच, एक कीबोर्डवाला आणि एक ढोलकवाला, बाकी वाद्यं लॅपटॉपमधून वाजत होती. ती मुलाच्या आधी सुरू झाली. त्यानं अर्धी ओळ सोडून त्यांना गाठलं आणि शेवटी ती संपली तेव्हा त्याची एक ओळ उरली होती. ती त्यानं तशीच, कोरडी म्हटली. लोकांना वाटलं गाणं संपलं, त्यांनी आधीच टाळ्या वाजवल्या.

जोतीराम राहीबाईकडं झुकला. “हे त्याचं हाय का?”

“न्हाई.”

दुसरं गाणं लिफ्टमध्ये अडकलेल्या बाईचं होतं. नाटकात ते म्हणे फार रंगतं. इथं लिफ्ट नव्हती. बाई मोकळ्या स्टेजवर उभी राहून “उघडा, उघडा” म्हणत होती आणि तिच्यामागं कार्यकर्ते पाण्याच्या बाटल्या ठेवत होते. मध्येच माईकनं असा कर्कश आवाज काढला की दुर्गाबाईनं दोन्ही कान धरले.

“हे?”

“आवो, न्हाई. शेवटी हाय ते. कितींदा इचारता?”

तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक गाण्याआधी निवेदक त्या नाटकाची अख्खी गोष्ट सांगे आणि ती गाण्यापेक्षा लांब होई. कोण कुणाचा प्रियकर, कुणी कुणाला का सोडलं, हे ऐकून घेतल्यावर गाणं निघे दोन मिनिटांचं, नाटकातून उपटून आणलेलं. मागं बसलेला पंढरी हळूच म्हणाला, “मुकादम, ह्यापेक्षा नाटकच दाखवलं असतं तर बरं.”

“गप,” धर्मराज मुकादम म्हणाला. “पोराच्या नावाचं हाय.”

मध्यंतरात वडा आणि चहा होता. कुंदन घामाघूम होऊन आला. “अप्पा, बरं चाललंय ना? पब्लिक थोडं कमी हाय. क्रिकेटची मॅच हाय आज, काय करनार.”

“चाललंय की,” जोतीराम म्हणाला.

“सहा जन आलेत. सहाच्या सहा. नाटकानंतर पहिल्यांदाच एकत्र आलेत, सांगतो तुमाला. तालमीला चार यायचे, दोन नसायचे. कुनाची नोकरी, कुनाचं शूटिंग. आज मध्यंतरात मागं उभ्या उभ्या एकदा म्हनून घेनार हायत.”

मागच्या दारावाटे सूर आला का, म्हणून जोतीरामनं कान दिला. वड्याच्या टेबलापाशी लोक मोठ्यानं बोलत होते. काही ऐकू आलं नाही.

सहा चाळीसला निवेदकानं सत्कार जाहीर केला. जोतीराम आणि राहीबाईला पहिल्यांदा वर बोलावलं. खुर्च्या ठेवल्या. कुंदननं त्यांना शाल पांघरली, हातात नारळ दिला. शाल जोतीरामनंच आणलेल्या गठ्ठ्यातली होती. मग तो उठून उभा राहिला, कारण पुढच्या शाली त्याच्या हातून द्यायच्या होत्या.

त्यानं निवेदकाला यादी दिली होती. नाव आणि गाव, एवढंच. निवेदकानं ती वाढवली. प्रत्येक नावाआधी तो रक्तदानाचं महत्त्व सांगू लागला, आणि दर वेळी नव्यानं. ज्याचं नाव घेतलं तो रांगेतून उठे, बायकोला पिशवी देई, दोन्ही बाजूंच्या गुडघ्यांना हात लावत बाहेर येई, कडेच्या पायऱ्या चढे, चप्पल काढायची की नाही ते विचारी. शाल. नारळ. “फोटो, इकडे बघा.” पुन्हा एकदा, कारण पहिल्यात डोळे मिटले. मग पायऱ्या उतरून परत. तीन मिनिटं एकेकाला. पंढरीला साडेतीन लागली, कारण तो वाकून जोतीरामच्या पाया पडला आणि जोतीरामला त्याला उठवावं लागलं. पंढरी रडत होता.

जोतीरामला तेव्हा बरं वाटलं होतं. नंतर त्यानं ते स्वतःपाशी कबूल केलं. चौदा महिन्यांत पहिल्यांदा त्याला बरं वाटलं होतं.

विंगेत सहा जण उभे असलेले त्याला दिसत होते. काळे कपडे, चार मुलगे, दोन मुली. त्यांतली उंच ती मनस्वी असावी. त्यांच्यामागं भिंतीवर घड्याळ होतं. सात वाजले तेव्हा सातवा सत्कार चालू होता. कुंदननं विंगेतून निवेदकाला दोन बोटांनी कात्री करून दाखवली. निवेदकानं मान हलवली आणि आठवं नाव घेतलं.

अकरावं नाव धर्मराज मुकादमाचं होतं, मोठा म्हणून शेवटी. शाल घेतल्यावर तो माईकपाशीच थांबला.

“दोन शब्द बोलतो,” तो म्हणाला.

जोतीराम त्याच्या शेजारी उभा होता. हात धरून त्याला थांबवता आलं असतं. पण मुकादमाला, सगळ्या टोळीपुढं, त्याच्या बायकोपुढं, हातात नारळ असताना? टोळीत तसं कोणी करत नाही. जोतीरामनं हात बांधले आणि खाली बघितलं.

मुकादम अकरा मिनिटं बोलला. टोळी कशी बसवली, पहिल्या वर्षी फलाटावर कसे झोपायचे, पोरगं लहानपणी टोळीच्या पूजेत गाणं कसं म्हणायचं. चांगलं बोलला. याच वेळात विंगेतल्या सहांमधल्या एकानं मनगटावर बघितलं, शेजारच्याच्या कानाशी काही बोलला, आणि दोघं बॅगा उचलून मागं गेले. जोतीरामनं ते पाहिलं. ते पाणी प्यायला गेले असतील असं त्याला वाटलं.

सात चोवीसला मुकादम थांबला. टाळ्या झाल्या. सत्कारमूर्ती जागेवर परतले. जोतीरामही खाली येऊन बसला आणि शाल घडी करून मांडीवर ठेवली.

“आता,” तो राहीबाईला म्हणाला.

सभागृहाचे व्यवस्थापक विंगेतून आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात चाव्यांचा जुडगा. ते कुंदनशी हळू बोलत होते, पण माईक चालू होता. “साडेसात म्हणजे साडेसात. साडेआठला नाटक आहे. त्यांचा सेट मागे टेम्पोत सहापासून पडलाय. मी तुम्हाला दोनदा चिठ्ठी पाठवली.”

“एकच गानं हाय, साहेब. चार मिनिटं.”

“सहा माईक लावायला दहा मिनिटं जातील. आणि तुमचे गायक आहेत कुठे?”

कुंदननं मागं वळून बघितलं. चौघंच होते.

सभागृहातले दिवे लागले. निवेदकानं पुठ्ठ्यावरची पुढची पानं उलटली आणि शेवटचं पान वर घेतलं.

“रसिकहो, वेळेअभावी आपल्याला इथेच थांबावं लागतंय. आजच्या सत्कारमूर्तींचं पुन्हा एकदा अभिनंदन. जाताना आपल्या वस्तू तपासून घ्याव्यात.”

पडदा पडला. अर्ध्यावर अडकला, मग पडला.

माणसं उठली. ज्यांना मान मिळाला होता ते शाली खांद्यावर तशाच ठेवून एकमेकांना फोटो दाखवत होते. दुर्गाबाई राहीबाईला म्हणाली, “झकास झालं बाई. जावयाचं नाव कसं घेतलं माईकवर.” राहीबाईनं मान हलवली.

जोतीराम बसून होता. गाणं राहिलं, हे त्याला कळत होतं. ते का राहिलं, त्याचा हिशोब डोक्यात आपोआप होत होता आणि थांबवता येत नव्हता. अकरा जण, तीन-तीन मिनिटं. वर मुकादमाची अकरा. चव्वेचाळीस. गाणं चार मिनिटांचं होतं.

“उठा,” राहीबाई म्हणाली. “ती पोरगी जाईल.”

मागच्या दारापाशी टेम्पो उभा होता आणि रात्रीच्या नाटकाचा सेट उतरत होता. सोफा, खिडकी, रंगवलेल्या भिंतींचे मोठाले तुकडे. कुंदन भिंतीला टेकून फोनवर बोलत होता. जोतीरामला बघून त्यानं फोन ठेवला.

“अप्पा, सॉरी. ते दोघं ठान्याला गेले, आठला त्यांचा दुसरा शो हाय. मी अडवलं होतं, पन...” पुढं काय येतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

“तुमची चूक न्हाई,” जोतीराम म्हणाला.

“पुन्हा करू ना. पुढच्या वर्षी. मोठा करू.”

“व्हय.”

मनस्वी बाहेर आली. पाठीला बॅग, हातात फोन, कॅबची वाट बघत होती. राहीबाई सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“पोरी, ह्यांनी ते ऐकलेलं न्हाई. एकदाही न्हाई. इथं म्हन.”

मनस्वीनं कुंदनकडं बघितलं. “काकू, ते सहा जणांचं आहे. एकेकाच्या वाटणीला एकेक आकडा आहे, एकमेकांवर चढत जातात. एकट्यानं म्हटलं तर ते नुसतं...” तिनं बॅग खाली ठेवली. “मला माझ्या दोन ओळी येतात. त्या म्हणते.”

तिनं डोळे मिटले आणि म्हटलं. आवाज गोड होता, आतल्या माईकवर आज ऐकलेल्या सगळ्यांपेक्षा पुष्कळ चांगला. पहाटेच्या दिव्याखाली उभ्या गाडीच्या ओळी होत्या. दुसऱ्या ओळीच्या शेवटी ती थांबली आणि बोटांनी मांडीवर ताल धरून राहिली.

“इथं मोजणी येते,” ती म्हणाली. “काका, तुम्ही घ्याल? तुमचीच आहे ना?”

टेम्पोवरचे दोघं-तिघं बघू लागले. जोतीरामनं घसा साफ केला. गेली एकतीस वर्षं रोज तो हे म्हणत आला होता.

“लाऽभ रे लाभ,” तो म्हणाला. “दोन झाल्या, दोन.”

मनस्वीची बोटं अडखळली. “जरा हळू, काका. दोनच्या आधी थांबायचं आहे.”

“थांबायचं कशाला? माणसाच्या पाठीवर गोणी असती.”

“हो, पण गाण्यात थांबतात. पुन्हा घेऊ.”

त्यानं पुन्हा घेतलं. या वेळी तो फार थांबला. तिसऱ्या खेपेला ती त्याच्याबरोबर म्हणू लागली आणि दोघांचे आवाज दोन दिशांना गेले. तिनं डोळे उघडले.

“तसं नाही होत,” ती म्हणाली. “त्यानं बदललं होतं. सूर तुमचाच आहे, पण त्यानं तो... कसा सांगू. लांबवला होता. प्रत्येक आकड्यानंतर जागा सोडली होती. आम्ही विचारलं होतं, एवढी जागा कशाला. तर म्हणाला, अप्पा एक गोणी आत जाऊन टेकेपर्यंत दुसऱ्या गोणीकडं बघत नाहीत.”



“बाजू द्या, बाजू,” टेम्पोवाले ओरडले. दोघं जण एक दरवाजा घेऊन आले, चौकटीसकट, खोट्या कडी-कुलपाचा. तो त्यांच्यामधून जाईपर्यंत मनस्वी एका बाजूला आणि ही दोघं दुसऱ्या बाजूला उभी राहिली. दरवाजा गेला तेव्हा तिची कॅब आलेली होती.

“दुसरं कडवं?” राहीबाईनं विचारलं.

“ते तोच वहीत बघून म्हणायचा, काकू, आणि वही गेली. आज पहिलंच दोनदा म्हणणार होतो.” तिनं वाकून दोघांच्या पायांना हात लावला आणि गाडीत बसली.

घरी जायच्या बसमध्ये दोघांना शेजारी जागा मिळाली. दोन नारळ राहीबाईच्या पिशवीत होते आणि बस वळली की एकमेकांवर आपटत होते. जुईनगर गेलं, सानपाडा गेलं.

“ती म्हणत हुती, तसंच हुतं का?” जोतीरामनं विचारलं.

“न्हाई.”

“मग कसं हुतं?”

राहीबाईनं पिशवी मांडीवर घेतली. “मला म्हनता येत न्हाई,” ती म्हणाली. “मला नुसतं म्हाईत हाय.”

घरी आल्यावर त्यानं एक नारळ फोटोपुढं ठेवायला काढला. तिनं तो त्याच्या हातातून घेतला आणि स्वयंपाकघरात नेऊन तांदळाच्या डब्यामागं ठेवला. शाल तिनं ट्रंकेत टाकली. दोघंही जेवली नाहीत, पण ताटं वाढून घेतली होती, ती तिनं झाकून ठेवली.

सकाळी साडेपाचला नाशिककडची गाडी लागली होती. पंढरी शाल घेऊनच बाजारात आला होता, रुमालासारखी गळ्यात गुंडाळून. धर्मराज मुकादमानं चहाचा ग्लास जोतीरामच्या हातात दिला आणि म्हणाला, “जोतीबा, काल बरं केलंस. आपल्याला नाव घेऊन कोण वर बोलावतंय? घरी जाऊन मी पहाटेपर्यंत जागा हुतो.”

“तुमी बोललाही चांगलं,” जोतीराम म्हणाला. ते खरं होतं.

गाडीचं फळकं पडलं. पहिली गोणी पंढरीच्या पाठीवर आली.

“लाऽभ रे लाभ,” जोतीराम म्हणाला आणि पंढरीकडं बघत राहिला. पंढरी फळीवरून उतरला, गाळ्यात शिरला, भिंतीपाशी गेला, वळला, वाकला. गोणी खाली टेकली. किती वेळ लागतो हे जोतीरामनं आजवर कधी पाहिलं नव्हतं. बराच लागत होता.

फळीवर दुसरा हमाल ओझं घेऊन उभा होता. “अप्पा, दोन म्हना की. पाठ मोडली.”

“दोन झाल्या, दोन,” जोतीराम म्हणाला.

पुढं त्यानं नेहमीच्या चालीनं मोजलं. गाडीत दोनशे बारा गोण्या होत्या. मोजणी बरोबर भरली.